पाच चाळीसची धाव

शनिवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी काकू एकोणिसाव्या नावावर होत्या.

काम दर शनिवारचंच. क्लबमधल्या मुलामुलींच्या मनगटावर घड्याळं असतात, घड्याळातली धाव फोनमधल्या अ‍ॅपवर जाते, आणि चौतीस जणांचे आठवड्याचे किलोमीटर अ‍ॅपमधून काढून क्लबच्या तक्त्यात भरायचे असतात. मग प्रत्येक वयोगटातली पहिली तीन नावं दाराशेजारच्या फळ्यावर खडूने लिहायची. दहाला सराव संपला की मुलं आधी पाणी पितात की आधी फळा बघतात, हे त्या दिवशी ऊन किती आहे यावर ठरतं.

क्लबची खोली मैदानाच्या गॅलरीखाली आहे. वर बसायच्या पायऱ्या, म्हणून खालचं छत उतरतं. एका टोकाला माणूस ताठ उभा राहतो, दुसऱ्या टोकाला बसूनही वाकतो. काकूंचं टेबल दुसऱ्या टोकाला. ‘माझी उंची बघून जागा दिलीय’ असं त्या सांगतात. खरं म्हणजे खोलीतला चालू असलेला एकमेव प्लग तिथे आहे.

काकू चोपन्न वर्षांच्या. नोकरी बस डेपोत, वेळापत्रक विभागात, सव्वीस वर्षं. कुठली गाडी कुठल्या थांब्यावर किती वाजता यायची, ती उशिरा आली तर पुढच्या गाडीने काय करायचं, आणि चालकांपैकी कुणाला कधी जेवायला सोडायचं, हे त्या ठरवतात. क्लबशी संबंध मुलामुळे. तो आठ वर्षं अडथळ्यांच्या शर्यती पळला, नोकरीला दुसऱ्या शहरात गेला, आणि आता चालती बस पकडायलाही पळत नाही. “पोरगा सुटला, आई अडकली,” असं त्यांचे यजमान येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात.

तीन वर्षांपूर्वी अ‍ॅथलेटिक्स संघटनेचं पत्र आलं: मुलांच्या सुरक्षेसाठी प्रत्येक क्लबने एक जबाबदार व्यक्ती नेमावी. बैठकीत पत्र वाचून झालं आणि नऊ माणसं आपापल्या बुटांच्या नाड्या न्याहाळू लागली. काकू इतिवृत्त लिहीत होत्या. लिहून झाल्यावर त्यांनी मान वर केली तर सगळे त्यांच्याकडेच बघत होते. अशी नेमणूक झाली. मग एक दिवसाचं प्रशिक्षण, एक जाड फाइल, आणि पोलिसांच्या सायबर कक्षाचा फोन नंबर.

काकूंनी फाइल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. क्लबमध्ये असं करणाऱ्या त्या एकट्याच. खोलीचं दार सराव चालू असताना उघडं राहू लागलं. एकटं मूल आणि एकटा मोठा माणूस, अशी बैठक बंद झाली. प्रशिक्षकाने मुलाला परस्पर मेसेज करायचा नाही. जे काय सांगायचं ते पालक असलेल्या ग्रुपवर. प्रशिक्षक, म्हणजे सर, पहिले दोन महिने कुरकुरले, मग त्यांनाही बरं वाटू लागलं. पालकांचे रात्रीचे फोन कमी झाले होते.

अ‍ॅपबद्दल मात्र नियम नव्हता. अ‍ॅपबद्दल हट्ट होता, आणि तो एका कुत्र्यामुळे.

दोन वर्षांपूर्वी सुट्टीत सरांनी रोज चार किलोमीटरचा गृहपाठ दिला. एका बहाद्दराने घड्याळ कुत्र्याच्या पट्ट्याला बांधलं. कुत्र्याने सात किलोमीटर काढले आणि बहाद्दराचं नाव फळ्यावर पहिलं आलं. पुढच्या आठवड्यात कुत्रा एका मांजरामागे लागला, वेग राज्य विक्रमाच्या आसपास गेला आणि बिंग फुटलं. सर आधी हसले, मग चिडले. हुकूम निघाला: यापुढे प्रत्येक धावेचा नकाशा सगळ्यांना दिसला पाहिजे. कुठून निघालास, कुठून वळलास, कुठे थांबलास. नकाशा नाही तर किलोमीटर नाहीत.

सगळ्यांची खाती काकूंनी एका दुपारी बसून उघडली. रिकामा रकाना त्यांना बघवत नाही. नाव, आडनाव, जन्मवर्ष, क्लब, शाळा, फोटो, सगळं भरलं. ‘धाव कोणाला दिसावी?’ या प्रश्नापुढे ‘सर्वांना’. त्याखाली ‘घराजवळचा भाग नकाशावरून झाकायचा का?’ असा एक चौकोन होता. तो ऐच्छिक होता. काकूंनी तो तसाच ठेवला, कारण झाकलं तर अर्धा किलोमीटर कमी दिसायचा आणि हिशेब जुळायचा नाही.

विसावं नाव भिंगरीचं. तक्त्यात तिचं शाळेतलं नाव आहे, पण त्या नावाने हाक मारली तर तीही वळून बघत नाही. तेरा वर्षांची, सडपातळ, आठशे मीटरमध्ये क्लबची सगळ्यात मोठी आशा. तीन आठवड्यांनी निवड चाचणी. सोमवार ते शुक्रवार ती पहाटे घरून एकटीच पळते, कारण वडील बेकरीत भट्टीवर पहाटे तीनला जातात आणि आई इस्पितळातल्या प्रयोगशाळेत, तिची पाळी फिरती.

काकूंनी आकडा टिपला. एकतीस किलोमीटर दोनशे. पुढच्या नावाकडे वळताना त्यांची नजर धावेखालच्या पसंतीच्या अंगठ्यांवर गेली. एक अंगठा सरांचा, तीनचार क्लबमधल्या मुलींचे, आणि एक ‘वाऱ्यासोबत’ नावाच्या खात्याचा. फोटोच्या जागी बुटाचं चित्र. आदल्या दिवशीच्या धावेलाही तो होता. त्याच्या आदल्या दिवशीही. काकूंनी बोटाने महिना मागे नेला. एकही दिवस खाडा नव्हता. इतकी हजेरी तर सरांचीही नव्हती.

त्यांनी ते खातं उघडलं. पळणाऱ्यांच्या अ‍ॅपवरचा हा गडी एक मीटरही पळालेला नव्हता. किलोमीटर शून्य. तो अकरा जणांच्या धावा बघत होता. अकराही मुली, अकरा ते चौदा वर्षांच्या. चार या क्लबच्या, सात दुसऱ्या दोन क्लबांच्या.

धावांखाली त्याने अधूनमधून लिहिलंही होतं. ‘पूल आज लवकर गाठलास.’ ‘शाळेच्या भिंतीपाशी का थांबलीस?’ हे नकाशावरून कुणालाही कळलं असतं. मग दहा दिवसांपूर्वीच्या बुधवारी, सकाळी सहा चाळीसला: ‘निळे बूट मस्त.’

काकू थांबल्या. नकाशावर बूट दिसत नाहीत.

क्लबच्या पानावर भिंगरीचा निळ्या बुटांतला फोटो होता, तो त्यांनीच टाकला होता. तारीख पाहिली. गुरुवार, संध्याकाळी सात. म्हणजे तो माणूस फोटोच्या आदल्या दिवशी बुटांचा रंग सांगत होता. बुटांचा रंग कळायला बूट बघावे लागतात, आणि बघायला रस्त्यावर असावं लागतं.

शेवटचं वाक्य कालचं होतं. ‘सोमवारचं लक्षात आहे ना?’

काकूंनी तक्ता बंद केला. एकविसावं नाव त्या दिवशी भरलं गेलं नाही आणि फळाही कोरा राहिला. त्यांनी बेकरीत फोन लावला.

भिंगरीचे वडील बारा मिनिटांत आले, कोपरापर्यंत पिठाने पांढरे. खोलीबाहेरच्या बाकावर, सगळ्यांना दिसेल अशा जागी काकूंनी त्यांना बसवलं आणि फोन दाखवला. त्यांनी दोनदा वाचलं.

“कुठे आहे ती?”

“मैदानावर. बोलावते. पण एक सांगते, ओरडू नका. आज ओरडलात तर पुढचं ती आपल्याला सांगणार नाही, आणि आपल्याला पुढचंच हवंय.”

भिंगरी आली ती धापा टाकत, गळ्यात टॉवेल. वडिलांना बघून तिने आधी हातातली बाटली लपवली; ती भावाची होती.

“हा बुटाच्या चित्रवाला कोण गं?” काकूंनी विचारलं, रोजच्या आवाजात.

“तो होय. मित्र आहे. म्हणजे आपल्या क्लबचा नाही. सोळा वर्षांचा आहे. पाय मुरगळलाय त्याचा, म्हणून पळत नाही सध्या.”

“भेटलीयेस?”

“नाही हो. सोमवारी भेटणारे. त्याच्या बहिणीचे खिळ्यांचे बूट आहेत, तिला लहान झाले. माझं माप विचारलं त्याने. चाचणीला सगळ्या मुली खिळ्यांचे घालून येतात काकू, मी एकटीच साधे.”

“कुठे भेटणार?”

“पुलावर. पाच बावन्नला. मी तेव्हाच असते तिथे.” मग जरा थांबून, “सरांना सांगू नको म्हणाला. दुसऱ्या क्लबची मदत घेतलेली सरांना आवडत नाही म्हणून.”

वडिलांच्या मांडीवर पिठाचे दोन पंजे उमटले होते. “आणि मला? मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही झोपलेले असता, बाबा.”

हे खरं होतं. दुपारी एक ते सात ते झोपतात. त्यांनी हात पुढे केला. “फोन दे. फोडून टाकतो.”

“फोडा,” काकू म्हणाल्या. “दहा मिनिटांनी फोडा. आधी मला मेसेजचे फोटो काढू द्या.”

एकवीस मेसेज होते. काकूंनी एकेकाचा फोटो तारीख आणि वेळेसकट काढला. कुठेही वेडंवाकडं काही नव्हतं. सरावाची चौकशी, आईची पाळी कधी असते, बाबा किती वाजता निघतात, मग बूट. वाचताना वडिलांनी फोन फोडायचं नाव काढलं नाही.

“म्हणजे सोमवारी जायचं नाही?” भिंगरीने विचारलं.

“नाही.”

“मंगळवारी?”

वडील म्हणाले, “कुठल्याच दिवशी नाही. पळणं बंद.”

“मी काय केलंय पण?”

“तू काही केलेलं नाहीस,” काकू म्हणाल्या.

भिंगरीने मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि बाकावर ठेवलं, वडिलांच्या नाही, काकूंच्या बाजूला. “तुम्हीच खातं काढून दिलं होतंत,” ती म्हणाली. “तुम्हीच म्हणालात, सगळं भरायचं.” आणि सायकलकडे चालू लागली. वडील मागोमाग गेले.

साडेदहाला सर खोलीत आले. सर चाळिशीचे, एकेकाळचे चांगले धावपटू, आवाज असा की मैदानाच्या पलीकडच्या टोकाला शिट्टी लागत नाही. काकूंनी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “त्या माणसाला धरायला हवंच. पण काकू, पळणं रस्त्यावरच होतं. रस्त्याला काय कुलूप लावायचं? नकाशे बंद केले तर पुन्हा कुत्री पळतील.”

काकूंनी वाद घातला नाही. कोरा कागद घेतला, पट्टीने रेघा मारल्या आणि अ‍ॅपमधून बघून भिंगरीच्या दहा सकाळी उतरवल्या. घर पाच चाळीस. बेकरीचा कोपरा पाच चव्वेचाळीस. पूल पाच बावन्न. शाळेची भिंत सहा एक. परत घर सहा चौदा. दहा दिवसांत कुठल्याच ठिकाणी दोन मिनिटांपेक्षा जास्त फरक नव्हता. कागद त्यांनी सरांपुढे सरकवला.

सरांचा चेहरा आधी खुलला. “बघा! याला म्हणतात शिस्त.”

“सर, हे बसचं वेळापत्रक आहे,” काकू म्हणाल्या. “आमच्या डेपोतल्या एकाही गाडीला इतकं जमत नाही. मी हे थांब्यावर चिकटवते ते कशासाठी? लोकांनी येऊन उभं राहावं म्हणून.”

सरांनी कागद पुन्हा वाचला, या वेळी वरून खाली, सावकाश. मग खुर्ची ओढून बसले. डोकं छताला आपटलं, पण त्याबद्दल ते काही बोलले नाहीत. “बाकीच्या मुलांचं?”

“बाकीच्यांचंही हेच. कुणी पाच पन्नास, कुणी सव्वासहा. चौतीस गाड्या आहेत आपल्या. फॉर्म मी भरलेत.”

“हुकूम माझा होता.”

“हुकूम तुमचा, फॉर्म माझे. आता फोन करू द्या.”

सायबर कक्षात फोन उचलणाऱ्या बाई कमी बोलणाऱ्या होत्या. फोटो पाठवा, खात्याचा दुवा पाठवा. त्याला उत्तर देऊ नका, त्याला ब्लॉक करू नका, मुलीचं खातं आहे तसं ठेवा. बाकी मुलांची खाती बंद करायला हरकत नाही, पण एकदम करू नका, दोन दिवसांत करा. सोमवारी मुलगी घरात राहील ना? राहील. ठीक. काकूंनी हे सगळं जसंच्या तसं भिंगरीच्या घरी कळवलं.

तेहतीस खाती झाकायला काकूंना शनिवारची दुपार आणि रविवारची सकाळ लागली. पासवर्ड विसरण्याचा प्रश्न नव्हता. सगळे त्यांनीच ठेवले होते, क्लबचं नाव आणि पुढे मुलाचा क्रमांक. एक ते चौतीस. पहिलं खातं बदलताना हेही त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी ‘पासवर्ड’ असा आणखी एक रकाना बदलायच्या गोष्टींच्या कागदावर वाढवला. शाळेचं नाव काढलं, आडनाव काढलं, जन्मवर्ष काढलं. यजमानांनी दोनदा चहा आणून ठेवला आणि दोनदा गार झालेला उचलून नेला.

“सव्वीस वर्षं रकाने भरलेस,” ते म्हणाले. “पुसताना पहिल्यांदा बघतोय.”

“गप्प बसा जरा.”

रविवारी दुपारी त्यांनी दुसऱ्या दोन क्लबांना फोन केले. एकीकडच्या प्रशिक्षक बाईंनी लगेच कागद-पेन घेतलं. दुसरीकडचे चिटणीस ऐकून घेत होते, पण जांभई लपवत.

“आमच्याकडे असलं काही होत नसतं हो, मॅडम. आमच्या मुली तशा नाहीत.”

“कशा?”

चिटणीस खाकरले.

“बरं, लिहून घ्या,” काकू म्हणाल्या आणि वाचू लागल्या. “तुमच्या तीन मुली. पहिली सहा पाचला निघते, गुलमोहराच्या गल्लीतून. तिच्या घराचं फाटक कुठे आहे तेही सांगते. दुसरी सहा वीसला, पेट्रोल पंपामागून, मंगळवार-गुरुवार. तिसरी—”

“थांबा,” चिटणीस म्हणाले. “पेन घेतो.”

सोमवारी पहाटे भिंगरी घरात होती. काकू डेपोत होत्या, कारण सोमवारी सकाळी सहाला पाळी बदलते. अकरा दहाला सायबर कक्षातल्या बाईंचा फोन आला. पुलाजवळ साध्या कपड्यातली दोन माणसं होती. पावणेसहाला एक राखाडी गाडी येऊन थांबली. गाडीतला माणूस सोळा वर्षांचा नव्हता, चाळिशीचा होता. गाडीत बूट नव्हते. त्याला ताब्यात घेतलंय, फोन जप्त केलाय. पुढचं आम्ही सांगू शकत नाही. बाकीच्या दहा मुलींची यादी दुपारपर्यंत पाठवा.

काकूंनी फोनची वेळ वहीत लिहिली, यादी पाठवली आणि चौतिसावं खातं झाकलं. मग त्या डेपोच्या नळावर गेल्या आणि बराच वेळ तोंड धुतलं. परत आल्या तेव्हा सात नंबरची गाडी वीस मिनिटं उशिरा होती.

पालकांची बैठक बुधवारी संध्याकाळी सहाला झाली. सरांनी बोलायला घेतलं, पण आवाज नेहमीच्या निम्म्याने निघाला. काकूंनी उभं राहून तीन वाक्यांत सांगितलं: मुलांची माहिती उघडी राहिली, ती मी उघडी ठेवली, आता बंद केली आहे. मुलीचं नाव घेतलं नाही. मग प्रश्न सुरू झाले. एका आईला काळजी होती की मुलाचे जमवलेले अंगठे गेले, तो जेवत नाहीये. एका आजोबांनी विचारलं की अ‍ॅप म्हणजे नक्की काय, आणि ते समजावण्यात दहा मिनिटं गेली. एक वडील म्हणाले, “मग आता पोरांनी पळायचं कुठे? घरातल्या घरात?”

काकूंनी घडी घातलेला कागद उलगडला. पहाटेची धाव एकट्याने नाही. सगळे पाण्याच्या टाकीपाशी जमणार, पाच पंचावन्नला, बरोबर दोन मोठी माणसं सायकलवर. रस्ते तीन, आज कुठला, हे त्याच सकाळी ठरणार. डेपोत असं केलं तर नोकरी जाईल, असंही त्यांनी सांगितलं. घड्याळाचे आकडे सर स्वतः बघणार, नकाशा कुणाला दिसणार नाही. आणि तिन्ही रस्ते सुरुवातीला बेकरीच्या कोपऱ्यावरून जातील, सहा पाचला.

पहिल्या यादीत आठ मुलं होती. भिंगरी नव्हती. बैठकीला तिच्या घरचं कुणी आलं नव्हतं.

गुरुवारी डेपोतून सुटल्यावर काकू बेकरीत गेल्या. दुपारचा एक वाजत आला होता. भिंगरीचे वडील ट्रे घासत होते, झोपायला निघायच्या बेतात.

“तिला पाठवा म्हणायला आला असाल तर नको, ताई.”

“पाठवा म्हणायला नाही आले. तुमचं काम घेऊन आले.” त्यांनी कागद काउंटरवर ठेवला. कुठल्या दिवशी सायकलवर कोण, टाकीपाशी कोण, असं सगळं लिहिलेलं. एका रकान्यात रोज एकच नाव होतं. “हे तुम्ही.”

“मी तीनपासून भट्टीवर असतो.”

“माहितीये. म्हणून सहा पाच लिहिलंय. तेव्हा दुसरा घाणा आत असतो, तुम्हीच सांगितलं होतंत मागे. दोन मिनिटं दाराबाहेर यायचं आणि मुलं मोजायची. आठ दिसली पाहिजेत. सात दिसली तर मला फोन.”

“दुसऱ्यांची पोरं मोजू?”

“दुसऱ्यांचीच. तुमची घरात आहे ना.”

त्यांनी ट्रे उलटा करून ठेवला. कागद परत दिला नाही.

शुक्रवारी सहा सातला काकूंच्या फोनवर मेसेज आला: ‘आठ.’ सोमवारी: ‘आठ.’ मंगळवारी: ‘आठ. एकाच्या बुटाची नाडी सुटली होती.’ बुधवारी: ‘आठ. नाडी तशीच. आईला सांगा त्याच्या.’

भिंगरी क्लबकडे फिरकली नाही. शाळेतून घरी, घरातून शाळेत. तिच्या आईने फोनवर सांगितलं की ती दोरीवरच्या उड्या मारते, दाराला कडी घालून, आणि खालचे लोक तक्रार करतात. घड्याळ काकूंच्या टेबलाच्या खणात होतं. निवड चाचणी अकरा दिवसांवर आली. सर रोज विचारत आणि काकू रोज मान हलवत. तिच्या घरी जाऊन बसायचा विचार त्यांनी दोनदा केला आणि दोनदा सोडला. मुलीला जे बोलायचं होतं ते ती बोलली होती, आणि त्यात काही चूक नव्हतं.

गुरुवारी सहा सातला मेसेज आला नाही. सहा दहालाही नाही. सव्वासहाला फोन वाजला.

“आठ आहेत, आठ आहेत,” वडील आधीच म्हणाले. “मोजली. फोन दुसऱ्यासाठी केलाय. भिंगरी आलीय इथे. आई आणून सोडून ड्यूटीला गेली.”

“काय झालं?”

“तिला मेसेज आलाय. नवीन खात्यावरून, त्या गाण्यांच्या अ‍ॅपवर. कुणी मुलगी आहे म्हणते, तुमच्या क्लबचे व्हिडिओ आवडले म्हणते, कुठे राहतेस विचारते.” मागे भट्टीचं झाकण लोटल्याचा आवाज आला. “तिने उत्तर नाही दिलं. फोटो काढला, तारीख-वेळेसकट. आईला दाखवला, तर आई म्हणाली बाबा जागे असतील, चल. हातातलं पीठ टाकून बघितलं मी.”

“ओरडलात?”

“नाही हो. कशाबद्दल ओरडू? आली ना सांगायला.”

“द्या तिला फोन.”

थोडी खुसफुस झाली. मग भिंगरीचा आवाज, लांबून, बहुतेक फोन वडिलांच्याच हातात होता. “काकू, हा फोटो पोलिसांच्या बाईंना तुम्ही पाठवणार की मी?”

“तू मला पाठव, मी त्यांना पाठवते. ब्लॉक केलंस?”

“तुम्ही करू नका म्हणाला होतात ना तेव्हा.”

“बरोबर. तसंच राहू दे.”

मग तिने विचारलं, “त्या लोकांत सगळ्यात हळू कोण पळतं?”

“नाडीवाला.”

“त्याच्या वेगाने पळून माझी चाचणी कशी व्हायची?”

“तू पुढे पळ. एक सायकल पुढच्यांबरोबर असते, एक मागच्यांबरोबर. पुढच्या सायकलवर सर आहेत. त्यांना दमव.”

वडिलांनी फोन परत घेतला. “ताई, तो तुमचा कागद,” ते म्हणाले. “तो बदलावा लागेल.”

काकूंनी संध्याकाळी यादी नव्याने लिहिली. घड्याळ खणातून काढलं, चार्जिंगला लावलं आणि डब्याशेजारी ठेवलं, सकाळी विसरू नये म्हणून. मेसेजचा फोटो सायबर कक्षाला गेला होता आणि तो मिळाल्याचं उत्तरही आलं होतं. सरांना त्यांनी एवढंच कळवलं की टायरमध्ये हवा भरून ठेवा.

उद्या शुक्रवार. मुलं पाच पंचावन्नला पाण्याच्या टाकीपासून निघतील. सहा वाजून पाच मिनिटांनी भिंगरीचे वडील दुसरा घाणा आत ढकलून बेकरीच्या कोपऱ्यावर येतील आणि मुलं मोजतील. त्यांच्या रकान्यात आकडा नऊ आहे.